अर्धशक्तीचा व्यायाम आणि हृदय : मात्रानिश्चितीविषयी काही विचार

व्यायामाचे गुण सांगणाऱ्या लेखांची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती व्यायामाची मात्रा सांगणाऱ्यांची. कोणताही वैद्य रुग्णाला नुसते "गुग्गुळ घेत जा" असे सांगून वाटेला लावत नाही. कोणता कल्प, किती, कोणत्या काळी, कोणत्या अनुपानाबरोबर आणि किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहून देतो. व्यायामाची वेळ आली की मात्र रुग्ण उंबरठ्यावर असताना "आणि हो, जरा फिरायला जात जा" एवढे एक वाक्य त्याच्या पाठीवर टाकले जाते. रुग्ण मान डोलावतो आणि घरी पोहोचेपर्यंत ते विसरतो. जो विसरत नाही त्याची काळजी अधिक, कारण तो दुसऱ्या दिवसापासून धावू लागण्याची शक्यता असते.

व्यायाम हे द्रव्यरहित असले तरी औषधच आहे आणि प्रत्येक औषधाप्रमाणे त्याला हीनमात्रा, सम्यक् मात्रा आणि अतिमात्रा आहे. हृदयाच्या संदर्भात तर ही गोष्ट संहिताकारांनी फार स्पष्टपणे मांडली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सतरावा, म्हणजे कियन्तःशिरसीय अध्याय पुन्हा एकदा उघडून पाहावा. तेथे वातज हृद्रोगाच्या हेतूंमध्ये शोक, उपवास आणि रूक्ष, शुष्क, अल्प भोजन यांच्या रांगेत व्यायाम बसविला आहे. काही श्लोक पुढे कफज हृद्रोगाचे हेतू येतात. अति आहार, गुरु-स्निग्ध अन्न, निश्चिंतपणा आणि झोपेचे सुख यांच्याबरोबर तेथे अचेष्टन, म्हणजे शरीराची हालचालच न करणे, हा हेतू सांगितला आहे. एकाच अध्यायात व्यायाम हाही हृद्रोगाचा हेतू आणि व्यायामाचा अभाव हाही हेतू! चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात हृद्रोगाची सामान्य कारणे सांगताना तर व्यायामाचे नाव सर्वांत आधी आले आहे. आजच्या परिभाषेतील रोहिणीकाठिण्य म्हणजेच कफज हृद्रोग, असे सरळ समीकरण मांडणे मला धाडसाचे वाटते. तरीही हेतूंची ही दोन टोके आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज समोर येऊन बसतात, हे नाकारता येणार नाही.

मोंढ्यातील दोन टोके

उमरीसारख्या गावी ही टोके शोधायला दूर जावे लागत नाही. मोंढ्यात आडतीवर सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बसणारा व्यापारी हे एक टोक. पूर्वी तो निदान घरापासून दुकानापर्यंत चालत येत असे, आता तेवढ्यासाठीही मोटारसायकल असते. शाळेचे गुरुजी आणि कार्यालयातील लिपिक याच टोकाचे. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंमध्ये बसण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ सांगितले, तेव्हा जणू हाच दिनक्रम त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याच आडतीसमोर पोती वाहणारा हमाल हे दुसरे टोक. शेतात राबणारा सालगडी, कापूस वेचणारी बाई आणि वीटभट्टीवरील मजूर हे त्याचे सोबती. यांना व्यायामाचा उपदेश केला तर उत्तर ठरलेले असते, "डॉक्टरसाहेब, आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला आणखी कशाचा व्यायाम सांगता?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आधुनिक शास्त्राने त्याकडे बारकाईने पाहिले आहे. जेरेमी मॉरिस या वैद्यकाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. वाहकांमध्ये हृद्रोगाचे प्रमाण कमी आढळले आणि झाला तरी तो उशिरा व सौम्य स्वरूपात होताना दिसला. आपल्या एस.टी.ला वरचा मजला नाही, तरी भरल्या गाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिकिटे फाडणाऱ्या वाहकाकडे पाहून या अभ्यासाची आठवण होते. तेव्हा कामातील हालचाल उपयोगी पडते, हे खरे. परंतु कोणती हालचाल? ५२ देशांतील रुग्णांवर आधारलेला इंटरहार्ट अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील माहितीचे जे विश्लेषण २०१२ मध्ये पुढे आले, त्यात कामावरील सौम्य व मध्यम श्रमांमुळे हृदयविकाराचा धोका कमी झालेला दिसला, पण अतिकष्टाच्या श्रमांनी तसे संरक्षण दिल्याचे आढळले नाही. फावल्या वेळेत स्वेच्छेने केलेला व्यायाम मात्र हितकर ठरला.

सुश्रुताचार्यांनी हा भेद फार पूर्वी दोन शब्दांत केला आहे. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात ते 'अध्वा' आणि 'चंक्रमण' यांचा वेगवेगळा विचार करतात. अध्वा म्हणजे वाटचाल, जी करावीच लागते. ती कफ आणि स्थौल्य कमी करते, पण त्याबरोबर वर्ण आणि सुकुमारताही नष्ट करते. देहाला फार पीडा न देणारे चालणे ते चंक्रमण. आयुष्य, बल, मेधा आणि अग्नी देणारे, इंद्रियांना जागविणारे, असे त्याचे गुण सांगितले आहेत. पाय तेच आणि चालणेही तेच, पण एक श्रम आहे आणि दुसरे विहार.

हमालाच्या श्रमात काय घडते ते पाहू. शंभर किलोंचे पोते पाठीवर घेताना तो श्वास रोखतो आणि त्या क्षणी रक्तदाब एकदम उसळतो. थकवा आला म्हणून थांबण्याची मुभा त्याला नाही, कारण मजुरी पोत्यावर ठरते. दुपारी पोटात भाकरी-मिरची, कधी तेवढेही नाही, आणि गालात तंबाखू. म्हणजे वातज हृद्रोगाच्या हेतूंपैकी रूक्ष अन्न, अल्प अन्न आणि अतिश्रम हे तिन्ही जमा झाले. शोकाचे कारण कर्जाच्या रूपाने घरी असतेच. अशा रुग्णाला व्यायाम वाढविण्यास सांगणे म्हणजे शोषिताला लंघन देण्यासारखे आहे. त्याला सांगायचे ते तंबाखू सोडण्याविषयी, डाळ-शेंगदाणे-तिळाविषयी, रात्रीच्या अभ्यंगाविषयी आणि ओझे उचलताना श्वास न कोंडण्याविषयी. हवे तर संध्याकाळी पंधरा मिनिटे मोकळे चालणे. त्याच्या संस्कारित स्नायूंना व्यायामाची वाण नसते, विश्रांतीची असते.

हृदयात काय बदलते

आता पहिल्या टोकाकडे, म्हणजे बैठ्या रुग्णाकडे वळू. नियमित व्यायामाने त्याच्या हृदयात नेमके काय होते, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. हृदय हाही मांसाचाच अवयव आहे. योग्य मात्रेत काम मिळाले की त्याचे आकुंचन समर्थ होते आणि एका ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलले जाते. साहजिकच तेवढेच काम कमी ठोक्यांत होते. विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला दहा ठोक्यांनी जरी उतरली तरी दिवसाला १४,४०० ठोके वाचतात. हा हिशेब व्यापाऱ्याला लगेच पटतो, असा माझा अनुभव आहे. परंतु खरा लाभ याहून सूक्ष्म आहे. नाडी मिनिटाला ७२ असताना एका आवर्तनास सुमारे ०.८ सेकंद लागतात. त्यांतील आकुंचनाचा वेळ फारसा बदलत नाही, त्यामुळे नाडी मंदावली की वाढलेला वेळ जवळजवळ सगळा प्रसरणाच्या वाट्याला येतो. हृदयाच्या स्वतःच्या पोषणाचे रक्त, विशेषतः डाव्या बाजूचे, मुख्यतः प्रसरणकाळातच त्याच्या रोहिणींत शिरते. सगळ्या देहाला जेवू घालणाऱ्याला स्वतःच्या जेवणासाठी सवड मिळते ती एवढीच, आणि व्यायामाने ती वाढते.

रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर वेगाने वाहणाऱ्या रक्ताचे घर्षण होते. त्यामुळे तेथे नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन वाहिनी शिथिल व विस्फारित राहते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत वरचा दाब सामान्यतः ५ ते ८ मिलिमीटरने उतरतो. गोळी बंद करण्यास तेवढे पुरत नाही, पण गोळीच्या कामाला हातभार लावण्यास पुष्कळ आहे. ट्रायग्लिसराइड घटतात आणि एच.डी.एल. काहीसे वाढते. प्रमेहात तर काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत ओढून घेतो. हा परिणाम एक ते दोन दिवस टिकतो, म्हणून व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड नको, असे सांगावे लागते. सुश्रुताचार्यांनी निर्धन प्रमेह्यास पादत्राण व छत्रीवाचून, भिक्षेवर राहून, मुनीप्रमाणे शंभर योजने चालावयास किंवा विहीर खणावयास सांगितले आहे. चार कोसांचे योजन धरले तर हे चारशे कोस होतात! आपण आपल्या रुग्णाला घरापासून रेल्वे स्टेशनपर्यंतसुद्धा चालवू शकत नाही. मात्र त्याच अध्यायात कृश रुग्णाचे रक्षण करावे, अशीही सूचना आहे. स्थूल आणि कृश प्रमेह्याला एकच उपदेश करणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

हृदय हे केवळ रक्ताचे नव्हे, तर ओजाचे आणि मनाचेही स्थान मानले गेले आहे. व्यायामाच्या लाभांमध्ये चरकाचार्यांनी लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, दोषक्षय आणि अग्निवृद्धी यांच्याबरोबर दुःखसहिष्णुता सांगितली आहे. दुःख नाहीसे होते असे ते म्हणत नाहीत, सहन करण्याची ताकद येते असे म्हणतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्क विषादग्रस्त रुग्णांवर सोळा आठवड्यांच्या व्यायामाचा परिणाम औषधाच्या तोडीचा आढळला. २०११ मधील दुसऱ्या अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या वृद्धांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेले दिसले. सुश्रुतोक्त चंक्रमणाच्या गुणांतील मेधा येथे आठवते. आपल्या मराठवाड्यात पाऊस हुकला की नाडी पाहण्याआधी रुग्णाचा चेहरा पाहावा लागतो. झोप उडालेल्या, बोलणे कमी झालेल्या शेतकऱ्याला "रोज कोणाबरोबर तरी चाला" असे सांगण्यात अर्थ आहे, आणि त्यात 'कोणाबरोबर तरी' हे शब्द चालण्याइतकेच महत्त्वाचे आहेत. परंतु जगण्यात राम नाही, असे त्याच्या तोंडून निघाले तर चालण्यावर विसंबू नये. घरच्यांना विश्वासात घेऊन त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे.

अर्धशक्ती ओळखावी कशी

मात्रेचा प्रश्न संहिताकारांनी 'अर्धशक्ती' या एका शब्दात सोडविला आहे. ज्याची जेवढी शक्ती, तिच्या निम्मीपर्यंत व्यायाम. व्यायाम करताना हृदयातील वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे नाकाने श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावे लागले, की बलार्ध झाले, ही सुश्रुतांची खूण. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे, ही लक्षणेही परंपरेने सांगितली जातात. या खुणेचे मोल असे की ती प्रत्येकाच्या देहातच बसविलेली आहे. पैलवानाची अर्धशक्ती वेगळी, मधुमेही आजीची वेगळी. आधुनिक शास्त्रात मध्यम व्यायामाची जी सोपी कसोटी आहे, ती याच जातीची : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बीटा-ब्लॉकर गटाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत नाडी फारशी वाढत नाही, तेथे नाडीच्या आकड्यापेक्षा ही श्वासाची खूण अधिक भरवशाची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. चिठ्ठीवर हे उतरवायचे कसे? बैठ्या, पन्नाशीच्या आणि तपासणीत धोक्याचे चिन्ह नसलेल्या रुग्णास मी पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटे लिहितो, तीही त्याच्या नेहमीच्या चालीने. पुढे दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवीत तीस-चाळीसपर्यंत जावे आणि मगच वेग वाढवावा. मिनिटाला शंभर पावले हा वेग बहुतेकांना मध्यम व्यायामाचा पडतो. घड्याळाकडे पाहत एकदा मोजले की अंदाज येतो. आरंभी व अखेरीस पाच मिनिटे सावकाश चालावे, एकदम थांबू नये. व्यायामानंतर अंग चोळण्यास वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे. मेदस्वी रुग्णास तेथे उद्वर्तन द्यावे. भरल्या पोटी व्यायाम वर्ज्य, अजीर्णातही वर्ज्य. जेवणानंतरची आपली शतपावली मात्र व्यायामात मोडत नाही. ती सावकाश असल्यामुळे चालते, आणि जेवणोत्तर साखर आटोक्यात ठेवण्यास तिचा उपयोग होतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात गुळाचा खडा ठेवावा. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत, हे चिठ्ठीवर लिहावेच.

बाहेर पडता न येणाऱ्यांसाठी सूर्यनमस्कार आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते शाळाशाळांत नेले, त्याला आता शंभर वर्षे होत आली. उच्च रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांना आणि मधुमेहामुळे दृष्टिपटल बिघडलेल्यांना मात्र डोके खाली जाणारी स्थिती देऊ नये. स्त्रियांच्या बाबतीत "घरकाम होतेच की" असे म्हणून विषय मिटविला जातो. पहाटे रस्त्यावर एकटीने फिरण्याची सोय गावात सर्वांनाच नसते. गच्चीवर, अंगणात, दोघी-तिघी मिळून असे व्यवहार्य काही सुचवावे. दुखणाऱ्या गुडघ्यांच्या बाईला चालण्याआधी खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचे व्यायाम द्यावेत.

जेथे थांबवावे लागते

अतिव्यायाम करणाऱ्याची तुलना संहिताकारांनी हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाशी केली आहे. सिंह बलवान असूनही त्यात मरतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात अंग मोडून केलेल्या श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका मोजला गेला. एरवी क्वचितच व्यायाम करणाऱ्यांत तो १०७ पट वाढला, तर आठवड्यातून पाच वा अधिक वेळा करणाऱ्यांत केवळ २.४ पट. वर्षभर गादीवर बसून एखाद्या दिवशी मुलांबरोबर क्रिकेटमध्ये धावणाऱ्याचा हा आकडा आहे. माळेगावच्या यात्रेतील फड गाजवून नंतर तालीम सोडलेल्या पैलवानांचाही येथे विचार करावा. मेहनत सुटते आणि खुराक तेवढाच राहतो.

व्यायाम लिहून देण्यापूर्वी एक प्रश्न प्रत्येकाला विचारावा : चालताना किंवा चढ चढताना छातीत काही होते का? उत्तर बहुधा "गॅस होतो" असे येते. चालू लागले की छातीत दाबल्यासारखे होणारा, जबडा, खांदा वा डाव्या हातात उतरणारा आणि थांबले की पाच-दहा मिनिटांत शमणारा असा 'गॅस' असत नाही. मधुमेही व स्त्रिया यांच्यात वेदना नसून नुसती धाप, घाम किंवा अकारण गळाठा असू शकतो. अशा रुग्णास हिंग्वष्टक देऊन फिरायला पाठविणे घातक आहे. त्याचा व्यायाम थांबवून ईसीजी व हृद्रोगतज्ज्ञाचे मत घेईपर्यंत तो सुरू करू नये. ईसीजी निर्दोष आला म्हणूनही निश्चिंत होऊ नये, कारण विश्रांतीत काढलेला आलेख पुष्कळदा प्राकृत असतो. विश्रांती घेऊनही छातीतले दुखणे शमले नाही किंवा त्याला घामाची जोड असली, तर रुग्णाला मोटारसायकलवर बसवू नये, १०८ ला कळवून रुग्णवाहिका मागवावी. येथून नांदेड तासाभराच्या अंतरावर आहे आणि हृदयाच्या स्नायूसाठी तो तास मोठा असतो.

ऋतूचा विचार आपल्या भागात विशेष करावा लागतो. अर्धशक्तीचा व्यायाम शीतकाळी आणि वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी, असा वाग्भटाचार्यांचा दंडक आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, त्या काळी सूर्योदयापूर्वी आटोपावे आणि मिनिटे निम्म्यावर आणावीत. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांस पाणी किती प्यावे हे ठरवून द्यावे. उलट पौषातील कडाक्याच्या पहाटे हृद्रोग्यास बाहेर काढू नये, कारण थंडीने वाहिन्या आकसतात. उन्हे वर आल्यावर चालणे त्याला सोसते.

अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून परतलेले रुग्ण अलीकडे खेड्यापाड्यांतही दिसू लागले आहेत. घरचे लोक त्यांना महिनोन् महिने खाटेवरून उठू देत नाहीत, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने दिलेल्या कागदावर चालण्याविषयी बहुधा सूचना असते. तो कागद मागवून घ्यावा आणि घरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे तीन-चार वेळा, मग अंगण, मग गल्ली, आणि प्रत्येक टप्प्यावर सोबत कोणीतरी. पंधरा दिवसांनी परत बोलवावे. चालण्याआधीची, लगेच नंतरची आणि पाच मिनिटांनंतरची नाडी आपल्यासमोर मोजून तिची चिठ्ठीवर नोंद ठेवावी.